हो, श्यामला मीच आणलं

हॅलो?

…हॅलो! कोण बोलतंय?… जरा मोठ्याने, मागून कसली घरघर येतेय… कोण? निखिल?

हां, मी आत्याच. बोल.

…हो.

…हो, हो, इथेच आहे. माझ्याकडे, नेरूळला. आत टेबलाशी बसलाय.

…पळवून? पळवून काय निखिल? सत्तरीचा माणूस तो, शेजारच्यांची कोंबडी आहे का पळवायला? सख्खा धाकटा भाऊ आहे माझा. रिक्षात बसवलं आणि घेऊन आले. भर दुपारी, तुमच्या वॉचमनच्या नाकासमोरून. त्याने सलामसुद्धा ठोकला.

…हिरामणने सांगितलं ना तुला? मग? मीच म्हटलं त्याला, साहेबांना फोन लाव, सांग आत्याबाई आल्या होत्या आणि बाबांना घेऊन गेल्या. पळवून नेणारं माणूस मागे निरोप ठेवतं का?

…ट्रकांच्या यार्डात होतास? आणि पेजर?… गाडीत राहिला. वा! म्हणजे दुपारपासून बाप घरात नाही, आणि तुला आत्ता चहाच्या वेळेला कळतंय. आणि वर मलाच विचारतोस, तू एकटी कशी सांभाळणार!

…हिरामणला एक शब्द बोलायचा नाहीस तू. सांगून ठेवते. आजारी माणसांची सेवा करायला ब्यूरोने पाठवलेला माणूस, तू सांगितलंस तसं करतोय. दारात आडवा उभा राहिला बिचारा. ‘मॅडम, माझी नोकरी जाईल.’ म्हटलं, तुझ्या साहेबाशी मी बोलते, तू बाजूला हो.

…नाही, ठरवून नव्हते आले. वाशीला चष्म्याच्या दुकानात गेले होते, काडी तुटलेली. काम लवकर झालं. म्हटलं, एवढ्या जवळ आलोय, बघून जाऊ श्यामला. फोन केला की तुमचं आपलं एकच, बाबा झोपलेत. सकाळी केला, झोपलेत. संध्याकाळी केला, आत्ताच डोळा लागला. तुझी प्राची तरी काय, मागच्या रविवारी मला म्हणते, ‘आत्या, ते अगदी मजेत आहेत, काही काही करू देत नाही आम्ही त्यांना.’ तेव्हाच माझ्या डोक्यात शिरायला हवं होतं. काही काही करू देत नाही!

…थांब. मधे बोलू नकोस. तुला ऐकायचंय ना का आणलं? मग ऐक. 

दार हिरामणने उघडलं. आत गेले. तुझा बाप खाटेवर, पाठीला तीन उश्या, समोर टीव्ही चालू, कुठलंतरी हिंदी काहीतरी, आवाज बंद. आणि गळ्यात… निखिल, गळ्यात काय होतं माहितीय तुला?

…नॅपकिन नव्हता तो! लाळेरं होतं. तुझ्या पार्थचं. त्यावर बदकाचं पिल्लू आहे बघ पिवळं, मीच शिवलं होतं पार्थच्या बारशाला. ते त्याच्या गळ्यात बांधलेलं, मागे गाठ मारून. आणि हिरामण चमच्याने मऊ भात भरवतोय. ‘आ करा बाबा, आ.’ 

…कपडे खराब होतात? होऊ देत! धुवायला मशीन घेतलंय ना तुम्ही? 

मला बघितलं आणि त्याने मान फिरवली रे. भिंतीकडे. मला तोंड दाखवायची लाज वाटली त्याला. माझी! लहानपणी नागडा फिरायचा माझ्यासमोर अंगणात, तेव्हा नाही लाजला तो. आज लाजला. 

…हो, रडले. मग काय करायला हवं होतं? टाळ्या वाजवायच्या?

…अरे, पण डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? दिवाळीत त्याच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा हॉस्पिटलात मी नव्हते का? तुझ्या शेजारीच उभी होते. उजवा हात आणि बोलणं, एवढ्यावर निभावलंय, म्हणाले. जेवढं स्वतः करतील तेवढे लवकर सुधारतील, म्हणाले. पाय तर चांगला होता. डिसेंबरात चालत होता तो घरातल्या घरात. व्यायाम शिकवणारी ती मुलगी यायची, बॉल दाबायला लावायची. कुठे गेली ती मुलगी?

…पडला म्हणून बंद केलंत. हो, माहितीय मला, संक्रांतीच्या सुमाराला बाथरूममध्ये पडला. पडला म्हणजे काय, घसरून खाली बसला भिंतीला टेकून. काही मोडलं? नाही ना? मग माणसं पडतात. मी नाही पडले मागच्या वर्षी दूध आणायला जाताना? मनगट मोडून घेतलं. तेव्हाही तू गाडी घेऊन आला होतास, ‘आत्या, चल वाशीला, आता एकटीने राहायचं नाही.’ बरं झालं नाही आले! नाहीतर आज दोन खाटा असत्या आणि दोन लाळेरी.

…हो, बोलणार! तोंड सोडूनच बोलणार. त्याला येत नाही ना बोलता, म्हणून मी बोलते. 

…बाथरूमला बाहेरून कडी लावलीत. हे खरं आहे का नाही, एवढंच सांग.

…‘सेफ्टी’साठी. आणि खाटेवर भांडं देतो हिरामण. सेफ्टीसाठी. ज्या माणसाने तुर्भ्याच्या कारखान्यात आयुष्यभर ड्रॉइंगं काढली, रिटायर झाल्यावर पार्थला अभ्यासाचं टेबल स्वतःच्या हाताने रंधा मारून करून दिलं, पहाटे उठून खाडीपर्यंत फिरायला जायचा, त्याला मोरीत जायची परवानगी नाही. त्याच्या स्वतःच्या घरात. दाढी हिरामण करतो, भांग हिरामण पाडतो, सदऱ्याची बटणंसुद्धा काढून टाकलीत आणि नाड्या लावल्यात. 

…चांगल्यासाठी केलंस, मला काय कळत नाही का? तू वाईट मुलगा असतास तर सोपं होतं रे. चार शिव्या घातल्या असत्या आणि मोकळी झाले असते. 

…हां, चपलांचं सांगते. तेच तर सांगायचंय. मी त्याला म्हटलं, श्याम, चल, जरा पॅसेजमध्ये चार पावलं टाकू. आणि तो उठायला लागला, खरंच, डाव्या हाताने खाटेची कड धरून. मी हिरामणला म्हटलं, चपला दे त्यांच्या. तो नुसता बघत राहिला. म्हटलं, अरे चपला, चपला! तर म्हणतो, ‘मॅडम, चपला नाहीत. साहेबांनी लिफ्टमनला देऊन टाकल्या.’ 

का दिल्यास?

…नाही, मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. का दिल्यास?

…चपला घालून दाराकडे जायचा म्हणून. 

अरे देवा. अरे, माणूस दाराकडे जातोय म्हणजे त्याच्यात जीव आहे अजून! त्याचा आनंद करायचा की चपला द्यायच्या? चपला, बूट, ते खाडीवर घालायचे कॅनव्हासचे, सगळं. एक जोड ठेवला नाहीस. जिवंत माणसाच्या चपला कोणी देतं का निखिल? 

…





…हो. मग त्यानंतर मी काही विचार केला नाही. लाळेरं काढलं, त्याचा हात धरला, म्हटलं, चल. मोरीतल्या रबरी स्लिपरा होत्या त्या घातल्या त्याला, एक निळी, एक हिरवी. तसाच आला लिफ्टमधून. वॉचमनने रिक्षा थांबवली.

…नाही घाबरला. रिक्षात बाहेर बघत होता. हायवेवर ट्रक बघत होता, पुलावरून लोकल बघत होता. एका ठिकाणी नवीन बिल्डिंगचं काम चाललंय ना, तिथे मान वळवून वळवून मागे बघितलं त्याने. इतक्या दिवसांत किती बदललं असेल त्याच्या नजरेला. 

इथे स्टेशनजवळ रिक्षा थांबवली, चपलांच्या दुकानासमोर. दुकानदार मला विचारतो, ‘आजोबांचा नंबर काय?’ म्हटलं, मला काय विचारता, त्यांना विचारा, पाय त्यांचे आहेत. तो बिचारा उभा. श्याम तोंड हलवतोय, शब्द येत नाही. मागे गिऱ्हाईकं. मी म्हटलं, थांबा हो जरा, कुठे आग लागलीय. आणि बोलला. ‘आठ.’ स्पष्ट. ‘आठ, काळ्या.’ 

…खोटं? मी कशाला खोटं सांगू? तुमच्याशी बोलत नाही कारण तुम्ही थांबतच नाही! त्याला शब्द जुळवायला वेळ लागतो. आज माझ्यादेखत, तो ‘पा’ म्हणाला की लगेच हिरामणने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. परत ‘पा’, परत ग्लास. गळ्यावरून पाणी ओघळतंय. त्याला पाणी नको होतं. पार्थ शाळेतून कधी येतो विचारायचं होतं त्याला. मला कसं कळलं? मी थांबले, बस. तेवढंच केलं. 

…जिना? हो, पहिला मजला आहे माझा, माहितीय मला. 

…उचलून नाही, स्वतः चढला. डाव्या हाताने कठडा धरून. मधल्या वळणावर बसला, दम खाल्ला. खालची सगुणा धावत आली, ‘काकांना उचलून नेव काय? माजी दोन पोरं हायेत घरान.’ म्हटलं, सगुणा, हात लावायचा नाही कोणी. मग ती पण बसली पायरीवर त्याच्याबरोबर. तिथे बसून मासळीचे भाव सांगत होती त्याला. मग उठला आणि आला वर. 

…पडला असता तर! असता तर, असता तर! किती वेळा म्हणशील? पडला असता तर मी धरलं असतं. मला धरता आलं नसतं तर सगुणाने धरलं असतं. आणि नसतंच धरलं कोणी, तर पडला असता. मोडला असता. प्लास्टर घातलं असतं. ते तुझ्या खाटेपेक्षा बरं!

…नाही, मला हौस नाही पडायची कोणाला. 

…निखिल. निखिल, ऐक… अरे, तिचं काय आहे त्यात? सुमेधाचं, तुझ्या आईचं इथे काय?

…

…हो रे.

…माहितीय. तू घरी आलास आणि आई स्वयंपाकघरात… माहितीय मला. श्याम पार्थला आणायला गेला होता, घरात कोणी नव्हतं. तू पहिला गेलास आत. ते तुझ्या डोळ्यांपुढून जात नाही, मला कळतं. 

पण ती पडून नाही गेली बाळा. तिचं हृदय थांबलं. डॉक्टर म्हणाले ना तुला, शेजारी उभा असतास तरी काही करता आलं नसतं. तुला ते पटत नाही. दोन वर्षं झाली तरी पटत नाही. म्हणून तू आता बापाला कापसात गुंडाळून ठेवतोस. 

…मी रागावलेय ती तुला दुखवायला नाही. श्यामसाठी रागावलेय. पण तू ऑफिसात बसून असं… रडतोयस का तू?… दार लावून घे, लोक असतील बाजूला. पाणी पी.

…हां. 

…आत? काही नाही, वाल सोलतोय. मोड आलेले वाल होते भिजवलेले, संध्याकाळी बिरडं करायचंय. टोप ठेवला पुढ्यात, म्हटलं, बसून राहायचं नाही, सोल. डाव्या हाताने धरतो, उजव्याने दाबतो, वाल सटकतो आणि उडतो. अर्धे जमिनीवर आहेत. उडाला की हसतो. 

…हो, हसतो. तोंड जरा वाकडं होतं, पण हसतो. 

…काय? कुठला आवाज?

…थांब.

श्याम? श्याम, काय करतोयस?

…निखिल, लायटरचा आवाज आहे. ओट्यापाशी उभा आहे तो. धर, धर फोन…

…

…हां, आले. हॅलो? हॅलो, ओरडू नकोस, ऐकू येतंय मला! 

…काही जळलं नाही. कोणी भाजलं नाही. चहाचं भांडं ठेवलंय त्याने. पाणी, साखर, पत्ती, सगळं घातलंय. पत्ती जरा जास्त. आणि गॅस पेटवलाय. डाव्या हाताने लायटर, उजव्याने नॉब. उजव्याने, निखिल! 

…नाही, बंद नाही केला. हात पुढे गेला होता माझा बंद करायला. खरं सांगते. अगदी नॉबपर्यंत गेला होता. त्याने माझ्याकडे असं बघितलं ना… घेतला मागे. आता तिथेच आहे तो, चहा उकळायची वाट बघतोय. मी इथून बघतेय. जागची हलत नाही, इथूनच बघतेय.

…हो, तूच तर नेहमी म्हणतोस आत्या हट्टी आहे. आहेच. 

…न्यायला येतोस? कशाला?… नाही. निखिल, नाही म्हणतेय मी. गाडी काढलीस आणि आलास तर दार उघडणार नाही. प्राचीला घेऊन आलास तरी नाही. तो इथे राहील. माझ्याजवळ. आतल्या खोलीत त्याची खाट घालते, सकाळी माझ्याबरोबर दुधाला येईल, मंडईत येईल, भाजी उचलेल. दोन महिन्यांत बघ काय करते त्याचं. रोज जिना उतरायला लावीन, रोज वाचायला लावीन मोठ्याने, पेपर. कंटाळा केला तर जेवण नाही. मी ठरवलंय सगळं.

…काय?

…काय म्हणालास? परत बोल.

…त्याला विचारलं का म्हणजे? 

…काय विचारायचं त्यात? मी माझ्या डोळ्यांनी बघितलं ना… हात धरला, उठला, आला. नको असतं तर आला असता का?

…नाही. ‘येतोस का’ असं नाही विचारलं. ‘चल’ म्हटलं.

…

…ऐकतेय. बोल तू.

…तू जे केलंस तेच मी करतेय, असं म्हणायचंय ना तुला? मुळीच नाही! तेच नाहीये ते! तू त्याला झोपवून ठेवलंस, मी उठवतेय…

…पण ठरवतेय मीच. 

…हां.

…बरं. बरं बाबा, विचारते. आत्ता विचारते, तुझ्यासमोर. रिसिव्हर बाहेर धरते, ऐक.

श्याम! ए श्याम, गॅस बारीक कर आणि इकडे बघ. निखिल विचारतोय, तुला इथे राहायचंय की तिकडे जायचंय?… तुला काय वाटतं ते सांग. घाई नाही… निखिल, गप्प बस, शब्द जुळवतोय तो… इथे ना, श्याम? इथेच ना? 

…हो, हो, मीच उत्तर देतेय, कळलं मला! गप्प बसते.

…

…

‘घरी.’

घरी म्हणाला.

…वाशीला. मला नको समजावू, घर म्हणजे कुठलं ते कळलं मला. त्याच्या नावाची पाटी आहे तिथल्या दारावर. पार्थ आहे तिथे.

अरे श्याम! अरे, मग मघापासून मी घसा कोणासाठी फोडतेय? एवढी उन्हातून रिक्षा करून तुला आणलं, त्या हिरामणशी भांडले, तुझ्या मुलाला रडवलं…

…थांब, बोलतोय काहीतरी. थांब.

‘ताई… ओरडते.’

…हसू नकोस निखिल! पुढचं ऐक ना. तुझंही आहे. ‘तो… घाबरतो.’

…हो, तसंच म्हणाला. ‘ताई ओरडते, तो घाबरतो.’ आणि… काय रे?… ‘मी… गप्प.’ 

…

…हं.

…थांब, अजून बोलतोय. आज सुटलाय नुसता. ‘कडी… काढ.’ बाथरूमची कडी काढ म्हणतोय… मी नाही शिकवलं, शप्पथ. बघ, बोट दाखवून सांगतोय. आणि हिरामण?… हिरामण राहू दे म्हणतोय. मला वाटलं होतं त्याला घालवायला सांगेल. राहू दे, पण… काय? ‘बाहेर… बसू दे.’ खोलीच्या बाहेर बसू दे म्हणतोय. हाक मारली की येऊ दे.

…हो, सांगते त्याला. श्याम, तो हो म्हणतोय. कडी आजच काढतो म्हणतोय. 

…कधी न्यायला येऊ म्हणून विचारतोय, श्याम. आज? उद्या?

…‘रवि… वार.’ रविवारी. बरं. चार दिवस राहील इथे. आणि… अरे, नको म्हणतोय.

…न्यायला येऊ नको म्हणतोय. ‘रिक्षा.’ रिक्षाने येईल.

…हो, मी आणून सोडते ना, त्यात काय. मी बसते रिक्षात त्याच्याबरोबर…

काय श्याम?

…

…मलाही नको म्हणतोय.

…एकटा येणार म्हणतोय, निखिल. एकटा, रिक्षात बसून, वाशीला. 

…आता तूच सांग. बोल ना. इतका वेळ बोलत होतास. काय सांगू त्याला? रिक्षावाल्याला पत्ता नाही सांगता आला तर? मधेच उतरवलं कोणी तर? उतरताना तोल गेला तर?… हो, ऐकू येतंय मला, तुझ्यासारखीच बोलतेय मी. भीती वाटते म्हणून बोलतेय. मलाही वाटते रे भीती! माझा एकच भाऊ आहे तो. तुला काय वाटतं, दगड आहे का मी?

…श्याम, असं कर, सगुणाच्या पोराला बसव शेजारी… बरं, नको. नको तर नको. माझ्यावर डोळे वटारू नकोस. 

…नाही रे, तो ऐकणाऱ्यातला नाही. आधीही नव्हता. वाकडं तोंड झालं म्हणून स्वभाव थोडाच बदलतो. मला राग आलाय त्याचा. खूप राग आलाय. तुझाही आलाय. तुमच्या अख्ख्या घराचा आलाय मला. 

…हो. रविवारी दुपारी तू खाली उभा राहा गेटपाशी. रिक्षा आली की पुढे धावायचं नाही. हात धरायचा नाही. उतरू दे त्याला. कबूल?

…मी इथे बसून राहीन. तू लगेच फोन करायचास. पोचल्या पोचल्या. नाही केलास तर मी…

काय? काय श्याम?

…फोन मागतोय. तुझ्याशी बोलायचं म्हणतोय. 

…नाही, नेऊन नाही देऊ शकत. वायर पोचत नाही तिथवर, हॉलच्या कोपऱ्यात आहे माझा फोन… पोचली असती तरी नको म्हणतोय. तो येतोय इथे. गॅस बंद केला त्याने. आला ओट्यापासून निघून. 

…थांब. काही बोलू नकोस. नुसता फोन धरून ठेव. 

…टेबलाला धरलंय. आता खुर्ची. खुर्चीच्या पाठीला धरलंय… नाही, मी उठत नाहीये. बसलेय माझ्या जागी. हात मांडीखाली दाबून धरलाय. 

…वालांवरून पाय… चुकवलं. बघून चुकवलं त्याने. 

…आता मधे धरायला काही नाही. खुर्चीपासून फोनपर्यंत मोकळं आहे सगळं. उभा राहिलाय… निखिल, ठेवू नकोस हं फोन. तुझा साहेब आला, ट्रक आला, कोणीही येऊ दे. वेळ लागेल. 

…हो, मीही थांबलेय.

…निघाला. 

…एक… बरं, बरं, मोजत नाही. मोजू नको म्हणतोय. 

…आला. धाप लागलीय, पण आला. हात पुढे केलाय. उजवा. 

…काय रे?

…बाजूला हो म्हणतोय मला.

झाले बाबा. झाले बाजूला. घे.